शहाडवाल्यांचा पॉवर सप्लाय

आमच्या घरात कुठलीही वस्तू पूर्ण जोराने चालायची नाही. पंखा दोनवर, गॅस बारीक, नळ अर्धा, आणि रेडिओ इतका हळू की बातम्या ऐकायला अण्णा त्याच्यापाशी कान नेऊन बसायचे. पाहुणे आले की पंखा तीनवर जायचा आणि ते चपला घालेपर्यंत परत दोनवर आलेला असायचा. माझे वडील, म्हणजे अण्णा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. खिळे, बोल्ट, तांब्याची तार, सगळं वजनावर घ्यायचं आणि वजनावर द्यायचं, हे त्यांनी उभा जन्म केलं. कारखाना बंद पडला आणि अण्णा घरी आले, तेव्हा वर्तकनगरचं आमचं दोन खोल्यांचं घरच त्यांचं स्टोअर झालं. काय आलं, काय गेलं, कशात किती शिल्लक आहे, यावर त्यांची बारीक नजर असायची. त्या शिल्लक मालात मीही होते.

माझी थोरली बहीण एका ऑफिसात नोकरीला होती. तिथल्याच एकाशी तिने लग्न केलं, आणि मुलगा आपल्यातला नव्हता. ताई गेली त्या दिवशी आईने जेवण केलं नाही आणि अण्णांनी तिचा कप फळीवरून काढून माळ्यावर टाकला.  मी टायपिंगच्या परीक्षेनंतर नोकरीचे अर्ज करत होते, ते बंद झाले. ‘बाहेर जाऊन काय मिळवायचं ते घरच्या घरी मिळव,’ असं म्हणून अण्णांनी कंपनीकडून मिळालेल्या पैशांतून मला कॉम्प्युटर घेऊन दिला. मराठी टाइप करायचा, लग्नपत्रिका जुळवायच्या, सोसायटीच्या नोटिसा, बारशाची कार्डं, शाळेच्या स्मरणिका. तेव्हा हे काम करणारं कॉलनीत दुसरं कोणी नव्हतं. लोकांना वाटायचं, बाप असावा तर असा. मलाही वाटायचं. ताईने स्वतःसाठी दार उघडलं आणि जाता जाता ते माझ्या तोंडावर आपटलं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, खिडकीला पाठ करून. आईने जुन्या साडीचा त्याला अंगरखा शिवलेला, खाली झालर लावून. सकाळी ती झालर उचलायची, बटण दाबायचं, मशीन घुं करून जागं व्हायचं आणि माझा दिवस सुरू व्हायचा. आतून कुकरच्या शिट्ट्या, आईचं खोबरं किसणं, शेजारच्या बाईंचं ‘हळद आहे का गं जरा?’, आणि सोफ्यावर अण्णा. गिऱ्हाईक आलं की बोलणी अण्णाच करायचे. मजकूर ते घ्यायचे, मला द्यायचे. काम झालं की फ्लॉपी खिशात टाकून वागळे इस्टेटमधल्या प्रेसवर तेच चालत जायचे आणि छापलेले गठ्ठे तेच घेऊन यायचे. माझी गत नवसाच्या देवासारखी. लोक येतात, मागणं सांगतात, प्रसाद घेऊन जातात. देवाने गाभारा सोडायचा नाही. सगळ्या ठाण्याच्या लग्नांची स्थळं, वेळा, मंगल कार्यालयांचे पत्ते मला पाठ होते, आणि त्यातलं एकही कार्यालय मी आतून पाहिलेलं नव्हतं. कधी कधी दुपारी हात थांबायचा आणि छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. मी उठून माठातलं पाणी प्यायचे. अण्णा विचारायचे, ‘काय गं, काम झालं?’

मग एकदा विजेचं बिल जरा जास्त आलं. अण्णा चष्मा लावून सगळ्या उपकरणांची तपासणी करायला निघाले. इस्त्री झाली, मिक्सर झाला, आणि मग ते कॉम्प्युटरच्या मागे वाकले. तिथे, वायर जाते त्या जागेशेजारी, एक छोटासा लाल स्विच होता. त्यावर दोनशेतीस व्होल्ट लिहिलेलं. अण्णांनी पेनच्या टोकाने तो सरकवला, तर एकशेपंधरा आलं. त्यांचा चेहरा कारखान्यात चोरी पकडल्यासारखा उजळला.

‘मनू, हे बघ. हे एकशेपंधरावर पण चालतं! आणि आपण आजवर दोनशेतीस जाळतोय.’

‘अण्णा, ते पंख्याचं रेग्युलेटर नाही. एकशेपंधरा परदेशातल्या विजेसाठी असतं.’

‘तुला सगळंच कळतं. लाव, लाव बटण.’

मी बटण दाबलं नाही. त्यांनी दाबलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला, मागून निळसर धूर आला आणि घरभर जळक्या रबराचा वास. आई हातात उलथनं घेऊन बाहेर धावली. समोरच्या घरातली माणसं दारात. अण्णा एका हाताने धूर वारत शांतपणे म्हणाले, ‘कॉलनीचं वायरिंगच जुनं आहे. मी तर कधीपासून सांगतोय सोसायटीला.’ पुढे जिवंत होते तोवर त्यांनी हेच सांगितलं, आणि शेवटी शेवटी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. आज तो लाल स्विच कुठे दिसतही नाही. पण कुठल्याही यंत्रामागे वाकायची वेळ आली की माझे डोळे आपोआप त्याला शोधतात.

लग्नसराई तोंडावर. अर्ध्या जुळवलेल्या पत्रिका मशीनच्या पोटात. जळलं ते फक्त पॉवर सप्लायचं खोकं, मशीनला वीज पुरवणारं, हे मला माहीत होतं. विटेएवढा पत्र्याचा डबा, चार स्क्रूंवर बसवलेला. नवा आणून लावला की झालं. मी अण्णांना तसं सांगितलंही. पण आमच्याकडे कुठलीही वस्तू दुकानातून आणायची पद्धत नव्हती. वस्तू ओळखीतून यायची. चप्पल असो, डॉक्टर असो की गॅसची शेगडी, आधी ‘आपल्यातलं कोणी आहे का?’ हे शोधायचं. अण्णा विचार करत बसले आणि आई आतून म्हणाली, ‘शहाडवाल्यांचा मुलगा आहे की.’

शहाडवाले म्हणजे मला आलेलं स्थळ. डोंबिवलीच्या मावशीने आणलेलं. मूळचे आमच्यासारखेच राजापूरकडचे, शहाडला स्वतःचं घर, आणि मुलाचं, विवेकचं, कल्याणला कॉम्प्युटरचं दुकान. ‘अगं, देवानेच धाडलंय,’ मावशी म्हणालेली. ‘ती कॉम्प्युटरवर, तो कॉम्प्युटरवर.’ मी ‘बघू’ म्हणून ते लांबणीवर टाकलं होतं. अण्णांनीही जोर केला नव्हता. का केला नव्हता, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. आता मात्र अण्णांनी फोन फिरवला, ‘एक छोटंसं काम होतं’ म्हणाले, आणि रविवार ठरला.

पोहे केले असते तर माझ्या ताबडतोब लक्षात आलं असतं, म्हणून आईने घावन केले. पांढरेशुभ्र, जाळीदार, सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी आणि नारळाचा रस. मला म्हणाली, ‘ती पिवळी साडी नेस, बाकीच्या इस्त्रीला गेल्यात.’ आमच्या घरातली एकही साडी कधी इस्त्रीला गेली नव्हती. विवेक एका पिशवीत डबा घेऊन आला. सावळा, उंच, जरा वाकून चालणारा. त्याने मागचे स्क्रू काढले, जळका डबा बाहेर ओढला, त्यावरचा लाल स्विच पाहिला आणि हसला.

‘हे कोणीतरी फिरवलेलं दिसतंय.’

अण्णा छताकडे पाहू लागले. विवेकने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि लगेच म्हणाला, ‘होतं काय, साफसफाईत कपडा लागतो ना, आपोआप सरकतो. माझ्या दुकानात पण झालेलं.’ खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला तो आवडला. म्हाताऱ्या माणसाची लाज झाकणारा मुलगा कोणाला आवडणार नाही? त्याने नवा डबा बसवला, मशीन घुं करून उठलं आणि माझ्या पत्रिका जशाच्या तशा समोर आल्या. आईने त्याच्या ताटलीत अजून दोन घावन टाकले. अण्णांनी खिशाकडे हात नेला तर तो कानाला हात लावून म्हणाला, ‘काय अण्णा! घरचंच समजा.’

ते ‘घरचंच’ खोलीत तसंच राहिलं. तो गेल्यावरही.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आईचा फोन. ‘मशीन कसं चाललंय? विवेकने खास बघून आणलाय हो.’ आणि मशीन धड चालत नव्हतं. सकाळी ठीक असायचं. पण संध्याकाळी कॉलनीत दिवे लागले, घराघरांत मिक्सर फिरू लागले की विजेचा दाब जरा खाली यायचा, आणि तेवढ्यात मी सीडी घातली आणि ती फिरायला लागली की पडदा काळा व्हायचा. मग मशीन आपलं आपण परत सुरू. जणू काही झालंच नाही. मधला सगळा मजकूर मात्र गेलेला. मी तो डबा हातात घेऊन पाहिला नव्हता, पण बसवताना विवेकने तो एका बोटावर पेलला होता, ते मला आठवलं. स्टोअरकीपरची मुलगी मी. ज्याच्या आत तांबं आणि लोखंड असतं ते एका बोटावर पेलत नाही, इतकं मला समजत होतं.

पण बोलायचं कसं? दुकानातून आणला असता तर अण्णा स्वतः जाऊन दुकानदाराची आईमाई काढून बदलून घेऊन आले असते. हा शहाडहून आलेला. ‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत,’ आई म्हणाली. ‘आणि त्यांना काय वाटेल? मुलीने आल्या आल्या खोट काढली!’ अण्णा म्हणाले, ‘जरा सांभाळून चालव. सीडी घालू नकोस. संध्याकाळचं काम सकाळी कर.’ म्हणजे डबा बदलायचा नाही, मी बदलायचं. मी ओळीओळीला फाइल जपून ठेवायला लागले. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढं लिहायचं आणि थांबायचं. टाइप करताना खांदे कानापर्यंत आलेले असायचे.

बंद पडलं की आई फोन करायची आणि विवेक यायचा. आनंदाने यायचा. मागचं झाकण उघडायचा, फुंकर मारायचा, दोन वायरी काढून परत लावायचा. ‘टेन्शन नको. आता एकदम ओके.’ दोन दिवस खरंच नीट चालायचं आणि मग पुन्हा तेच. दर खेपेला मात्र काहीतरी पुढे सरकलेलं असायचं. एकदा सोबत त्याची आई आली, खण-नारळ घेऊन. एकदा त्याची आत्या. एकदा मी टेबलाखाली वायर धरून बसलेली असताना वर साखरपुड्याच्या हॉलची चर्चा चालू होती. मला कोणी हो का नाही विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, त्यांचा डबा तर आमच्या घरात बसलेलाच होता. मी जितक्या त्या मशीनला शिव्या द्यायचे तितकी ती माणसं जवळ येत होती, आणि मला यातून अंग काढून घ्यायला जागा दिसत नव्हती. विवेक वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं होतं.

मग शाळेच्या स्मरणिकेचं काम आलं. माझ्याच शाळेचं. मुख्याध्यापकबाईंनी मला बोलावून घेतलं नाही, त्या स्वतः घरी आल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी अण्णांना ओलांडून माझ्याशी बोललं. ‘मनीषा, आतल्या पानावर अक्षरजुळणी म्हणून तुझं नाव जाईल.’ मी त्या पानांवर जीव टाकला. मुलींच्या कविता, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, फोटोंच्या चौकटी. फोटो सीडीवर होते. सीडी घालण्यावाचून इलाज नव्हता. एका संध्याकाळी फोटो उतरवताना मशीन बंद झालं, आणि परत सुरू झालं तेव्हा ती फाइल उघडेना. जपून ठेवली होती तरी उघडेना. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. आई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘आता थोडेच दिवस. मग दुकानच तुमचं. तो पुढे गिऱ्हाईक बघेल, तू मागे बसून टाइप कर.’

तिने ते मायेने म्हटलं. मला मात्र कल्याणच्या दुकानाची मागची बाजू दिसली. अशीच एक खुर्ची, अशीच भिंत. फक्त सोफ्यावर अण्णांऐवजी विवेक.

साखरपुड्याच्या साडीवरचा ब्लाउज डोंबिवलीच्या मावशीकडे शिवायला द्यायचा होता. मावशीकडे जायला मला परवानगी होती. सकाळी अण्णा अंघोळीला गेलेले असताना मी स्वयंपाकघरातला पेचकस घेऊन मागचे स्क्रू काढले, डबा बाहेर काढला आणि कापडी पिशवीत ब्लाउजपीसच्या खाली ठेवला. मशीनला झालर नीट घातली. पिशवी उचलली तर इतकी हलकी की मावशीसाठी दिलेली लोणच्याची बरणी तिच्याहून जड भरली. डोंबिवलीला माप दिलं, चहा घेतला, आणि ‘उशीर होईल’ म्हणून निघाले ती उलट दिशेला, कल्याणला.

त्याचं दुकान स्टेशनपासून जवळ, एका बोळात. तसल्या दुकानांचाच बोळ तो. तो काउंटरमागे डबा खात बसला होता. मला पाहून घास तसाच हातात राहिला.

‘तुम्ही? एकट्या आलात?’

मी पिशवीतून पॉवर सप्लाय काढून काउंटरवर ठेवला. ‘हा चालत नाही. मला चांगला हवाय. मी विकत घेणार आहे.’

‘बसा ना. पाणी घ्या. फोन केला असता तर मी आलोच असतो.’

‘तेच नकोय.’ माझा आवाज चढला ते मलाच ऐकू आलं. ‘तुमच्याकडे याहून चांगला नव्हता का?’

त्याने हात पुसले. मागच्या फळीकडे पाहिलं. तिथे खोक्यांची ओळ होती. मग तो चक्क लाजला. मान खाली घालून हसला.

‘राग नाही ना येणार? चांगला होता. हा मशीनच्या रिकाम्या कॅबिनेटसोबत फुकट येतो तो. मला माहीत होतं तुमच्याकडे टिकणार नाही.’

‘मग?’

‘चांगला लावला असता तर तुम्ही परत बोलावलंच नसतं.’

 बाहेर हातगाडीवाला ‘ए काकू, बाजूला’ म्हणत गेला. विवेक पुढे बोलत होता, आता जरा धीटपणे, जणू मनातलं गुपित सांगून मोकळा झाला होता. ‘म्हणजे बघा, तुम्ही घरातून कुठे बाहेर पडत नाही. भेटणार कसं? मी म्हटलं, चार वेळा येणंजाणं झालं की ओळख होते. झाली ना? लग्न झाल्यावर एक नंबर टाकणार होतो मी, आईशपथ.’

‘माझी स्मरणिकेची सगळी पानं गेली.’

‘अरेरे.’ त्याला खरंच वाईट वाटलं. ‘पण ती काय, परत टाइप होतात. तुमचा हात तर केवढा फास्ट आहे.’

त्याच्या चेहऱ्यावर काही कपट नव्हतं. त्याला ही प्रेमाची गोष्ट वाटत होती, आणि कदाचित होतीही. कितीतरी मुलींना ती ऐकून गुदगुल्या झाल्या असत्या. मला फक्त एवढं समजलं की हा माणूस मला त्याची गरज लागावी म्हणून माझं काम मोडेल, आणि मग हसतमुखाने दुरुस्त करायला येईल, आणि जन्मभर मला त्याचे आभार मानावे लागतील. त्याने फळीवरून एक खोकं काढून माझ्यासमोर सरकवलं. ‘हा न्या. पैसे कसले देताय.’ मी तो घेतला नाही. त्याचा आधीचा डबा तिथेच ठेवला, ‘येते’ म्हटलं आणि पायऱ्या उतरले. 

त्याच बोळात चार दुकानं सोडून दुसरं दुकान होतं. तिथे एक पोट सुटलेले गृहस्थ वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. मी पॉवर सप्लाय मागितला. त्यांनी तीन काढून ठेवले. मी एकेक दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटून, अण्णा तांब्याची गुंडाळी तोलायचे तसा. एक बाजूला केला. उरलेल्यांच्या वायरी बोटांत धरून पाहिल्या, कोणाच्या जाड आहेत. जाळीतून आत डोकावले. एकाच्या आत गुंडाळ्या ठसठशीत होत्या, दुसऱ्याच्या आत नुसती पोकळी. पोकळीवाल्याच्या कागदावर वॅटचा आकडा मात्र सगळ्यांत मोठा छापलेला. मी त्यांना म्हटलं, ‘हा तुमच्या मशीनला लावून दाखवा. सीडी फिरवून.’

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘पॉवर सप्लाय घेताय का नवरा बघताय?’

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. ते बिचारे घाबरले. ‘मजाक केला हो,’ म्हणत त्यांनी निमूट डबा मशीनला जोडला, सीडी घातली, वर दुकानातला टेबलफॅन लावला, बंद केला, परत लावला. काही झालं नाही. तो नुसता चालत राहिला. मी दिवाळीच्या कार्डांचे साठवलेले पैसे मोजून दिले, माझ्या नावावर बिल करायला सांगितलं आणि ते जड खोकं मांडीवर घेऊन ठाण्यापर्यंत आले. त्या वजनाने मांडीला रग लागली होती आणि मी इतकी खूश होते की ते खोकं बाजूच्या रिकाम्या जागेवरही ठेवलं नाही. आजही वाटतं, माझ्या तरुणपणातला सगळ्यात सुंदर प्रवास कुठला असेल तर तो.

घरी आले तेव्हा झालर वर केलेली होती. अण्णांनी मशीनच्या मागचं रिकामं भोक पाहिलं होतं. आई सोफ्याच्या कडेला बसून होती. ‘कुठे होतीस?’ तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. कल्याण, बोळ, विवेक, त्याचं बोलणं, शब्दही न बदलता. आई म्हणाली, ‘अगं, पण त्यात एवढं काय? तुझ्यासाठीच केलं ना त्याने?’  मी अण्णांसमोरच डबा बसवला. लाल स्विच दोनशेतीसवर आहे हे त्यांना दाखवलं. ते जरा खाकरले.

संध्याकाळ झाली. कॉलनीत दिवे लागले. मी आईला म्हटलं, मिक्सर लाव. मी सीडी घातली. ती घरघर करत फिरायला लागली आणि मी पडद्याकडे पाहत बसले. आतून मिक्सरचा आवाज, शेजाऱ्यांचा टीव्ही, आणि माझं मशीन शांत, एका लयीत. काळं झालं नाही. मी स्मरणिकेचं पहिलं पान नव्याने उघडलं, त्यावर एक पूर्ण परिच्छेद लिहिला, न थांबता, आणि मग अण्णांकडे वळून म्हणाले, ‘शहाडला नकार कळवा. मला ते लग्न करायचं नाही.’

आईने कपाळाला हात लावला. ‘खण-नारळ घेतलेत आपण! काय तोंड दाखवायचं?’ मला वाटलं अण्णा आता ताईचं नाव काढतील, ओरडतील. मी तयार होते. मी त्या दिवशी कशालाही तयार होते. पण ते उठले, मशीनपाशी आले, मागच्या डब्यावर हात ठेवून त्याची थरथर तळव्याला जाणवते का ते पाहिलं. ‘माल चांगला आणलास,’ म्हणाले. मग फोनजवळ जाऊन बसले आणि नंबर फिरवला.  अण्णा माझ्या बाजूने उभे राहिले होते. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

‘नमस्कार, वर्तकनगरहून बोलतोय. हो, हो, मशीन उत्तम. त्याच संदर्भात जरा... नाही हो, मुलात काय खोट असणार, सोन्यासारखा मुलगा आहे. अडचण आमची आहे.’ त्यांचा आवाज मोकळा होता, हलका, ताई गेल्यापासून मी तसा ऐकलाच नव्हता. ‘हिचं काम फार वाढलंय हो. आता मशीन पण पक्कं झालं, बंद पडायचं नाव नाही. तिला आता घरातून सोडता येणार नाही.’ पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. अण्णा हसले. ‘छे, छे. पुढच्या वर्षीही नाही.’

त्या स्थळासाठी अण्णांनी कधी जोर का केला नव्हता, ते मला आता कळलं. अण्णांनी फोन ठेवला, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मला त्यांच्यावर रागावताही येईना.

‘झालं ना तुझ्या मनासारखं?’ ते म्हणाले.

मशीन चालूच होतं. मी हो म्हटलं.